नवीन बॅटरी आणण्याआधी सकाळी सहाला बोनेट उघडा



सकाळी गाडी उठत नाही म्हणून थेट नवीन बॅटरी आणणारा माणूस आणि पान पिवळं दिसलं की युरियाची गोणी फोडणारा माणूस, यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघांना घाई असते. दोघांना कुणीतरी ठामपणे 'हेच आहे' असं सांगितलेलं असतं. आणि दोघांचा अंदाज अधूनमधून बरोबर येतो, तिथंच घात होतो. एकदा बॅटरी बदलून गाडी चालू झाली, की पुढची दहा वर्षं तो माणूस प्रत्येकाला बॅटरीच बदलायला सांगतो.

या पानावर मी एरवी द्राक्ष, टोमॅटो, मेथी-कोथिंबीर यांच्याच नोंदी टाकतो. आज गाडीवर लिहितोय, कारण आपल्यातले बरेच जण आता माल थेट मुंबईत विकतात आणि पिकअप ही ब्लोअरइतकीच शेतीची वस्तू झाली आहे. रविवारी सकाळी सोसायटीच्या गेटवर सातला पोचायचं आणि गाडी सहापासून नुसती घुं-घुं करतेय, तर नुकसान फक्त मेकॅनिकच्या बिलाचं नसतं. नऊ वाजता मेथीनं मान टाकलेली असते आणि गिऱ्हाइकानं शेजारच्या दुकानातून घेतलेली असते.

पिवळ्या पानाचंच आधी बोलू, कृषी सहायक मित्रांना ओळखीचं वाटेल. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर आपण नत्राकडे बघतो. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाकडे. पाणी साचतं त्या पट्ट्यातलीच झाडं पिवळी, तर खताचं नावही न काढता मुळं उपटून बघतो, सूत्रकृमीच्या गाठी आहेत का ते बघतो. रंग एकच, पण कुठून सुरू झाला त्यावरून वाट बदलते. गाडीचं तसंच आहे. 'सकाळी चालू होत नाही' हे नुसतं पिवळं पान झालं. त्यापुढचा प्रश्न असा, की चावी फिरवल्यावर नेमकं होतं काय?

सेल्फ मारल्यावर टक-टक-टक-टक असा भराभर आवाज आला, डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर करंट कमी पडतोय. बॅटरी उतरलेली असेल किंवा टर्मिनल, केबल, अर्थिंग यांत अडथळा असेल. एकच मोठा 'टक' आणि पुढं शांतता, दिवे मात्र लख्ख, तर संशय स्टार्टरवर, त्याच्या सोलेनॉइडवर. सेल्फ फिरतो पण दमलेल्या बैलासारखा, तर पुन्हा बॅटरी, केबल, कधी स्टार्टरचे झिजलेले ब्रश. आणि सेल्फ खणखणीत फिरतोय, इंजिन गरागरा फिरतंय, पण पेट घेत नाही, तर बॅटरीला हातसुद्धा लावू नका. तिथं इंधन नाहीतर ठिणगी, आणि डिझेल असेल तर इंधन, उष्णता नाहीतर कॉम्प्रेशन, हाच शोध. एवढं ऐकून निम्मं निदान होतं, आणि त्याला एक रुपया लागत नाही. तरी गॅरेजमध्ये जाऊन आपण सांगतो काय? 'बॅटरी बघा हो जरा.' कृषी सेवा केंद्रात जाऊन 'ते निळ्या बाटलीतलं द्या' म्हणण्यासारखंच हे. लक्षण सांगायचं सोडून आपण औषधच मागतो, मग समोरचा देतो.

आता विक्रोळीची गोष्ट. माझी बहीण कन्नमवारनगरला राहते. दाजींची छोटी पेट्रोल गाडी आहे, आठ वर्षांची. आठवडाभर ती इमारतीखाली उभी असते, कारण दाजी कामाला लोकलनं जातात. रविवारी काढायची म्हटली की रुसते. साडेतीन वर्षांत दुसरी बॅटरी झाली होती आणि तिसरीची बोलणी चालू होती. बिल्डिंगमधल्या एकानं कारण सांगितलं, 'थंडीमुळं होतं.' मी निफाड तालुक्यातला माणूस. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा किमान तापमानाचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो, आणि एक आकडी पारा आम्हाला नवा नाही. विक्रोळीच्या जानेवारीला थंडी म्हणायचं, तर आमच्याकडच्या पहाटेला काय म्हणणार?

थंडीत बॅटरीची ताकद कमी होते हे खरं आहे. आतली रासायनिक क्रिया मंदावते, त्यात इंजिनचं तेलही घट्ट होतं. पण आपल्या महाराष्ट्रात बॅटरीचा खरा शत्रू उन्हाळा. उष्णतेनं आतल्या प्लेटांची झीज वाढते, पाणी उडतं. ढोबळमानानं असं धरतात, की तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिलं तर आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून बॅटरी मरते मे महिन्यात आणि कळतं डिसेंबरात, तेव्हा दोष थंडीवर जातो. द्राक्षाच्या एप्रिल छाटणीत काडीत माल तयार झाला की नाही, ते ऑक्टोबर छाटणीनंतर घड दिसल्यावर कळतं ना, तसं.

माझा मुख्य आग्रह वेळेचा आहे. सकाळचा रोग आपण दुपारी दाखवायला नेतो. धक्का मारून, शेजाऱ्याच्या बॅटरीवरून, कशीबशी गाडी चालू करायची, अकरा वाजता गॅरेजला न्यायची. तिथं ती अर्ध्या चावीत चालू होते. वाटेत बॅटरी थोडी चार्ज झाली, इंजिन गरम झालं, डिझेल असेल तर लाइन भरली. मेकॅनिक म्हणतो, 'काहीच नाही हो, चांगली आहे,' किंवा काहीतरी करायला पाहिजे म्हणून काहीतरी बदलतो. यात त्याचाही दोष नाही. भर दुपारच्या उन्हात द्राक्षाच्या पानामागं डाऊनीची पांढरी बुरशी शोधून सापडते का? ती पहाटे, दव असताना, पान उलटून बघायची असते. गाडीचंही तपासायचं ते सकाळी, रात्रभर उभी होती त्याच जागेवर, चावी लावायच्या आधी.

त्यासाठी मल्टिमीटर लागतो. चार-पाचशे रुपयांचा साधा डिजिटल चालतो. ईसी मीटर, पीएच मीटर घ्यायला आपण आता कुरकुरत नाही, मग हे तर त्याहून स्वस्त. माझ्या मते प्रत्येक पिकअपच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात तो असायला पाहिजे, जॅकइतकाच हक्कानं.

दाजींच्या गाडीचं बोनेट मी रविवारी सकाळी सहाला उघडलं. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मीटर लावला तर १२.१८ व्होल्ट. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा घरं, एकेक साधारण २.१ व्होल्टचं. रात्रभर शांत उभी असलेली, पूर्ण भरलेली चांगली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पावभरच उरली. ऐकायला 'बारा तर आहेत की' वाटतं, पण या आकड्यात अर्धा व्होल्ट म्हणजे अर्धी-पाऊण टाकी. आणि हे उभ्या गाडीचेच आकडे धरायचे. आत्ताच चालवून आणलेल्या गाडीत मीटर काही वेळ खोटा जास्त आकडा दाखवतो. सकाळी सहाचा माझा हट्ट त्यासाठीच.

मग दाजींना सेल्फ मारायला सांगितलं. आकडा ९.१ वर आला. साडेनऊच्या खाली जायला नको, दहाच्या वर राहिला तर उत्तम. कशीबशी चालू झाल्यावर पुन्हा मोजला, १४.१. म्हणजे अल्टरनेटर व्यवस्थित चार्ज करतोय. साडेतेरा-पावणेचौदाच्या खाली दिसला असता तर तिकडं बघावं लागलं असतं, पंधराच्या पुढं गेला असता तर रेग्युलेटरकडं.

इथं बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, बॅटरी निम्मी, म्हणजे बॅटरी गेली. अहो, विहीर निम्मी दिसली म्हणजे विहीर फुटली का? भरत नाहीये, का कुणी उपसतंय, हे बघायला नको?

उपसा मोजायची रीत सोपी आहे, फक्त धीर पाहिजे. सगळं बंद करायचं, दारं बंद, चावी बाहेर. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायची आणि केबल व खुंटी यांच्या मध्ये मीटर लावायचा, दहा अँपिअरच्या खाचेत वायर घालून. आता हात बांधून उभं राहायचं. आजच्या गाड्यांमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपी जायला कधी पंधरा मिनिटं, कधी पाऊण तास घेते. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, स्टार्टर शेकड्यांत अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज जागेवर उडतो. साधारण ५० मिलिअँपिअर म्हणजे ०.०५ अँपिअरच्या आत उपसा असेल तर ठीक, घड्याळ, लॉक यांना तेवढं लागतं. दाजींच्या गाडीत पाऊण तासानंतरही ०.१२ होतं.

०.१२ म्हणजे किती? चोवीस तासांत २.९ एएच. गाडी उभी सहा दिवस, म्हणजे सतरा एएचच्या पुढं. बॅटरी ३५ एएचची. निम्मी गेली. मीटरवरच्या १२.१८ चा हिशेब जमला. मला हा क्षण शेतातल्या माती परीक्षणासारखा वाटतो, पिकाकडं बघून जे वाटत होतं ते कागदावरच्या आकड्यात उतरलेलं दिसतं.

मग फ्यूज एकेक काढत गेलो. एक फ्यूज काढताच ०.१२ चा आकडा ०.०२ वर आला. त्या फ्यूजच्या लाइनवर रिव्हर्स कॅमेरा आणि त्याचा पडदा. बाहेरून बसवून घेतलेला, आणि बसवणाऱ्यानं वायर चावीच्या लाइनवर न घेता थेट कायम चालू लाइनवर घेतलेली. पडदा काळा दिसायचा, पण आतून जागाच. रोज थोडं थोडं पीत होता. ती वायर चावीच्या लाइनवर घेतली, काम अर्ध्या तासाचं. दोन बॅटऱ्या खाल्ल्या त्या पडद्यानं. तुमच्या पिकअपमध्ये नंतर बसवलेलं जे जे असेल, म्युझिक, जीपीएस, मागचे दिवे, मोबाईल चार्जर, भोंगा, त्याच्याकडं आधी संशयानं बघा.

एवढ्यावर सुटलं नाही. ९.१ हा आकडा निम्म्या बॅटरीला धरूनही मला खाली वाटत होता, आणि सेल्फच्या आवाजात जडपणा होता. टर्मिनलवर निळसर-हिरवट भुकटी बसलेली. दाजी म्हणाले, 'बुरशी आलीय.' ती बुरशी नव्हे मंडळी, तिची न् आपली जुनी ओळख आहे. बॅटरीतल्या गंधकाम्लाची वाफ तांब्या-पितळेच्या क्लॅम्पला लागली की बनतं ते कॉपर सल्फेट, म्हणजे आपलं मोरचूद! बोर्डोला चुन्याबरोबर वापरतो तेच. पांढरी भुकटी दिसली तर बहुतेक शिशाचं सल्फेट. वेलीवर मोरचूद कामाचं, टर्मिनलवर मात्र ते विजेची वाट अडवतं.

आणि कन्नमवारनगर म्हणजे पूर्वेला कांदळवन आणि ठाण्याची खाडी. खारी, दमट हवा. गोदरेजच्या जमिनीवरचं ते कांदळवन राखलं गेलं ही मुंबईवर मोठी मेहेरबानी आहे, पण खाडीजवळ उघड्यावर उभ्या गाडीच्या नटबोल्टांना तिथली हवा मानवत नाही. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली गंजलेली होती. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर मीटरची एक टोकणी, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायला लावला. ०.९ व्होल्ट वाटेत खर्च! इथं फार तर ०.२ दिसायला पाहिजे. हे ओहमच्या खुणेवर मोजायला गेलात तर काही दिसणार नाही. स्टार्टर सव्वाशे-दीडशे अँपिअर ओढत असताना एका ओहमच्या शंभराव्या भागाहून कमी अडथळाही एवढा व्होल्ट गिळतो. साधा मीटर तो दाखवू शकत नाही. भार असतानाच मोजायचं. ड्रिपची लाइन बंद असताना प्रेशर बघून गळती कळते का?

दुरुस्ती काय केली? निगेटिव्ह केबल आधी सोडली, मग पॉझिटिव्ह (जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी). गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल धुतले, तारेच्या ब्रशनं घासले, कोरडे करून घट्ट आवळले आणि वरून व्हॅसलीन. अर्थिंगचा बोल्ट काढून पट्टी आणि खालची जागा चकाकेपर्यंत घासली. बॅटरी वर घरात नेऊन खिडकी उघडी ठेवून छोट्या चार्जरवर रात्रभर लावली, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, जवळ काडी-लायटर नको. दुसऱ्या सकाळी सेल्फ मारताना १०.३, अर्थिंगचा फरक ०.१. गाडी पहिल्या चावीत चालू. खर्च शंभर रुपयांच्या आत, आणि दाजींचा एक सोड्याचा डबा.

बॅटरीला झाकणं असतील तर पातळी बघा, पण भरायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचं पाणी आपण ठिबकमधून जाताना अॅसिडनं धुतो, त्यातले क्षार ड्रिपर बुजवतात हे माहीत असून तेच पाणी बॅटरीत ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि वरून अॅसिड भरू नका. उडतं ते पाणी, अॅसिड आतच असतं.

दाजींचा एक मुद्दा मात्र मला पटला. ते म्हणाले, 'गाडी चालवतो की रविवारी, मग चार्ज का होत नाही?' रेल्वेवरचा विक्रोळीचा पूल झाल्यापासून पूर्वेकडून पश्चिमेला जायला जुना वळसा पडत नाही. बाजारहाट करून दहा-पंधरा मिनिटांत गाडी परत जागेवर. एवढ्या फेरीत सेल्फनं घेतलेलं परत मिळतं, सहा दिवसांचा उपसा भरून निघत नाही. उभ्या गाडीला आठवड्यातून एकदा सलग अर्धा-पाऊण तास पळवलं पाहिजे. जागेवर चालू ठेवून एसी, गाणी लावणं म्हणजे चार्जिंग नव्हे.

अजून एक फॅशन निघाली आहे, सगळं इथेनॉलवर ढकलायची. वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल आल्यापासून गाडी खोकली तरी लोक उसाकडं बोट दाखवतात. माझा ऊस नाही, त्यामुळं मला कुणाची वकिली करायची नाही. इथेनॉल ओल ओढून घेतं हे खरं, जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनवलेली नव्हती हेही खरं, आणि महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभ्या गाडीत त्याचा त्रास होऊ शकतो. पण जिथं सेल्फच जड फिरतोय तिथं टाकीत काय आहे याचा संबंध येतो कुठं? सेल्फ खणखणीत आणि पेट्रोल गाडी पेट घेत नाही, अशी स्थिती असेल तेव्हा चावी दोन-तीनदा नुसती ऑन-ऑफ करून बघा, मागून पंपाची हलकी घूं ऐकू येते का. त्यानंतर लगेच चालू झाली तर लाइनमधलं प्रेशर रात्रीत उतरतंय. नाही झाली, तर पुढं प्लग, कॉइल.

आता आपल्या पिकअपकडं येतो. माझी डिझेल गाडी शनिवारी रात्री विक्रोळी पश्चिमेला पार्कसाइटला मित्राकडं मुक्कामी असते, कारण रविवारची विक्री तिथं. आणि तिनं तीन रविवार छळलं. घरी निफाडकडं आठ अंशाच्या पहाटेही पहिल्या-दुसऱ्या दणक्यात उठणारी गाडी विक्रोळीच्या वीस अंशात पाच-सहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय उठेना. सल्ले सुरू झाले. एक म्हणाला हीटर प्लग, एक म्हणाला इंजेक्टर, एकानं थेट 'पंप उतरवावा लागेल' म्हणून पाच आकडी रक्कम सांगितली.

पण गाडी स्वतःच सांगत होती. थंडीत चालते आणि उबेत अडते, मग हीटर प्लग कसा? दोनशे किलोमीटरच्या आसपास पळून आली आहे, कसारा उतरून, मग बॅटरी भरलेलीच असणार. सकाळी मोजली, १२.६. सेल्फही जोरात. मागं मित्राला धूर बघायला उभं केलं. पांढरा धूर येत असता तर डिझेल पोचतंय पण जळत नाही असं म्हणता आलं असतं, आणि मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन तपासलं असतं. इथं धूरच नाही. म्हणजे डिझेल पोचतच नाही. फिल्टरवरचा हातपंप दाबला तर मऊ, पोकळ. पंधरा-वीस वेळा दाबल्यावर कडक झाला, आणि मग एका दणक्यात चालू. रात्रीतून लाइनीतलं डिझेल मागं टाकीत उतरत होतं आणि जागी हवा शिरत होती.

मग घरी का नाही? पार्कसाइट म्हणजे डोंगराचा उतार. गाडी तिथं तोंड चढाकडं करून उभी असायची, इंजिन वर आणि टाकी खाली. घरी शेडमध्ये सपाट. पुढच्या शनिवारी बाकी काही न बदलता गाडी उलटी लावली, तोंड उताराकडं. सकाळी लगेच चालू. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा चढाकडं, पुन्हा तोच तमाशा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तुलनेला एक ओळ तशीच सोडायची, हे प्लॉटमध्ये आपण कृषी विद्यापीठाच्या लोकांकडून शिकलो. गाडीला ते लावायला कुणाची हरकत आहे? माझे दोन शनिवार गेले, पण पंप उतरवायचा खर्च वाचला.

हवा कुठून शिरते ते शोधायला फिल्टरच्या पुढं पारदर्शक पाइपचा तुकडा लावला. बुडबुडे दिसले. टाकीकडून येणारा रबरी पाइप हातपंपाजवळ क्लिपखाली तडकला होता. बाहेर डिझेलचा थेंब नाही, कारण त्या बाजूला ओढ असते, पाइप बाहेर सांडत नाही, आत हवा घेतो. नवा पाइप, दोन क्लिपा, तांब्याचे वायसर, आणि एअर काढून झाली. चारशे रुपयेही लागले नाहीत. त्याच वेळी फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सोडला तर अर्धी वाटी पाणी निघालं. हा स्क्रू पावसाळ्यात तरी पंधरा दिवसांनी सोडत जा. कॅनमधून, पत्र्याच्या टाकीतून डिझेल भरणाऱ्यांनी तर नक्कीच.

तीन गोष्टींवर मी भांडायला तयार आहे. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरून डिझेल इंजिन उठवणं ही मर्दुमकी नाही, हात आणि गाडी दोन्ही जातील. हीटर प्लग असलेल्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे मारू नका, तो आत तापलेल्या प्लगवर नको तेव्हा भडकतो. आणि दुसऱ्या बॅटरीवरून चालू करताना प्लसला प्लस, पण शेवटची निगेटिव्ह चिमटी बंद गाडीच्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या धातूवर, बॅटरीपासून लांब लावा. ठिणगी उडाली तर ती हायड्रोजनजवळ नको. दहा-पंधरा सेकंदांच्या वर सलग सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, स्टार्टर जळतो.

मेकॅनिक मंडळींवर माझा राग नाही. चांगला मेकॅनिक तुम्ही लक्षण नीट सांगितलंत तर खूश होतो. 'सकाळी १२.६ होते, सेल्फ जोरात फिरतो, धूर येत नाही, हातपंप मऊ लागतो' एवढं लिहून नेलंत तर तो थेट पाइपाकडंच जाईल. राग आहे तो आपल्याच सवयीवर. फवारणीची तारीख, डोस, पाऊस सगळं वहीत लिहिणारे आपण, गाडीच्या बाबतीत मात्र आठवेल ते सांगतो आणि मग बिलावर चिडतो.

माझ्या वहीच्या मागच्या पानावर आता गाडीसाठी एक रकाना आहे. गेल्या रविवारची नोंद, पार्कसाइट, तोंड चढाकडं, सकाळी ५:५०: उभी १२.६, सेल्फ मारताना १०.४, पहिल्या दणक्यात चालू. दाजींच्या गाडीचीही त्याच पानावर आहे, सहा दिवस उभी राहून १२.५. ती बॅटरी मधल्या काळात तीन वेळा पार रिकामी झाली होती आणि रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट कडक बसतं, त्यामुळं तिचं आयुष्य थोडं तरी घटलं असणारच. मे महिन्यात एकदा मोजायची आहे.